लेसर डायोडचा सारथि

घरांतील दिव्याला वीज मिळाली कीं तो लागतो आणि वीज तोडली कीं विझतो. हा अनुभव इतका रोजचा आहे कीं, प्रकाश देणाऱ्या प्रत्येक वस्तूची गोष्ट अशीच सरळ असेल असें मानण्याकडे मनाची सहज प्रवृत्ति होते. लेसर डायोड हा या समजुतीला मोठा अपवाद आहे. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा हा स्फटिक योग्य तेवढाच विद्युत्प्रवाह मिळाल्यास हजारों तास प्रकाश देतो. आणि मर्यादेबाहेरचा प्रवाह सेकंदाच्या दहा लक्षांश भागापुरता मिळाला तरी तो कायमचा निकामी होऊं शकतो. म्हणून बॅटरी आणि डायोड यांच्यामध्यें एक लहानसें विद्युन्मंडल बसवावें लागतें. त्याला ड्रायव्हर असें नांव आहे. मराठींत त्याला सारथि म्हटलें तर तें अधिक शोभेल. कारण घोड्यांना बळ देणें हें सारथ्याचें काम नव्हे, लगाम हातांत ठेवणें हें त्याचें काम आहे. हा सारथि घरच्या टेबलावर, थोडक्या साहित्यांत कसा तयार होतो, आणि तो तयार करणाऱ्यानें कोठें जपावें, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

स्फटिकांतून प्रकाश निघतो हें ज्ञान तसें जुनें आहे. रेडिओचें ग्राहकयंत्र म्हणजे गॅलेनाचा खडा आणि त्याला टेकविलेली बारीक तार, असा तो काळ होता. अशाच गॅलेना-ग्राहकाचें अमेरिकन पेटंट १९०४ सालीं जगदीशचंद्र बोस यांना मिळालें होतें. पुढें १९०७ सालीं मार्कोनी कंपनींतील एच. जे. राउंड यांना असें आढळून आलें कीं, कार्बोरंडमच्या स्फटिकांतून वीज खेळविली असतां तो पिवळसर उजळतो. रशियांत ओलेग लोसेव यांनीं १९२० नंतरच्या दशकांत या उजेडाचा कसून अभ्यास केला. परंतु हा उजेड साधा होता, लेसरचा नव्हता. लेसरचें तात्त्विक बीज आइन्स्टाइन यांच्या १९१७ सालच्या निबंधांत आहे, आणि त्याला पहिलें फळ आलें तें १९६० सालीं, जेव्हां थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण मिळविला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९६२ सालीं, अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत रॉबर्ट हॉल यांनीं गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकापासून पहिला डायोड-लेसर तयार केला. तो द्रवरूप नायट्रोजनच्या भयंकर थंडींत, आणि तोही क्षणाक्षणाच्या ठोक्यांनींच चालत असे. त्याच वर्षीं निक होलोन्याक यांनीं डोळ्याला दिसणारा तांबडा डायोड-लेसर सिद्ध केला. नेहमींच्या हवामानांत अखंड चालणारा डायोड मात्र १९७० सालीं मिळाला. लेनिनग्राडमध्यें झोरेस अल्फेरोव यांच्या मंडळीनें आणि अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत हायाशि व पॅनिश यांनीं तो जवळजवळ एकाच वेळीं साध्य केला.

या इतिहासांत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. बारामतीस १९३८ सालीं जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं १९६४ सालीं त्याच बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. पुढें कारखान्यांत पोलाद कापण्याचें काम या जातीच्या लेसरनें केलें. पण सामान्य माणसाच्या घरांत शिरला तो डायोडचाच लेसर. १९८२ सालीं संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आल्या आणि प्रत्येक वादकयंत्रांत एक लेसर डायोड येऊन बसला. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लींत साध्या तांबड्या लेसर डायोडला फारशी किंमत पडत नाहीं. वस्तु स्वस्त झाली. तिचा स्वभाव मात्र तोच राहिला.

तो स्वभाव समजून घेतल्याशिवाय सारथ्याचें काम समजत नाहीं. साध्या तारेचा नियम असा कीं, विद्युद्दाब, ज्याला व्यवहारांत व्होल्टेज म्हणतात, तो दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. डायोड हा नियम पाळीत नाहीं. तांबड्या लेसर डायोडवर दीड व्होल्ट दाब असतांना त्यांतून जवळजवळ कांहींच वाहत नाहीं, दाब २.२ व्होल्टांच्या आसपास आला कीं तीस-बत्तीस मिलिअँपिअर वाहूं लागतात. आणि त्यापुढें नुसता एक दशांश व्होल्ट दाब वाढला तरी प्रवाह पंधरा-वीस मिलिअँपिअरनीं उसळूं शकतो. शिवाय डायोड तापला म्हणजे तोच प्रवाह कमी दाबावर वाहतो. म्हणजे दाब स्थिर ठेवला तर प्रवाह वाढणार, प्रवाह वाढला कीं डायोड तापणार, आणि तापला कीं प्रवाह आणखी वाढणार. अशा प्राण्यास ठराविक दाब पुरविणें म्हणजे लगाम सोडून घोडा उधळूं देणें होय. त्याला दाब नव्हे, प्रवाह मोजून द्यावा लागतो.

प्रवाह आणि प्रकाश यांचें नातेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे. प्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवीत नेला तर प्रथम डायोड मंद, पसरट उजेड देतो. एका ठराविक प्रवाहाला पोंचल्यावर एकाएकीं त्याची जात बदलते. उजेड तेजस्वी व दाणेदार दिसूं लागतो आणि लेसर सुरू होतो. या प्रवाहाला उंबरठा म्हणतात. उंबरठा ओलांडल्यावर प्रत्येक मिलिअँपिअर सरळ प्रकाशांत भर घालतो. समजा, एखाद्या पांच मिलिवॅटच्या डायोडचा उंबरठा २० मिलिअँपिअरवर असून पूर्ण प्रकाश ३२ मिलिअँपिअरवर मिळतो. मग हे वरचे बारा मिलिअँपिअर पांच मिलिवॅट प्रकाश देतात, आणि आणखी बारा चढविले तर प्रकाश दुप्पट होऊं पाहतो. येथेंच डायोडचा घात होतो. पांच मिलिवॅट हा आंकडा क्षुल्लक वाटतो. पण हा सगळा प्रकाश स्फटिकाच्या तासलेल्या टोकावरील अवघ्या तीन-चार चौरस मायक्रॉनच्या खिडकींतून बाहेर पडतो. हिशेब केला तर तेथें दर चौरस सेंटिमीटरला लाखाहून अधिक वॅट इतकी दाटी होते. ती मर्यादेबाहेर गेली कीं आरशासारखें काम करणारें तें टोक स्वतःच्याच प्रकाशानें वितळतें. असा मेलेला डायोड काळा पडत नाहीं. तो अजूनही फिकट तांबडा उजळतो, पण त्यांतला लेसर गेलेला असतो. कित्येक हौशी लोक अशा डायोडचें भिंग पुनःपुन्हा पुसून किरण कां येत नाहीं याचा शोध करीत बसतात.

बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त लेसर दर्शकांत सारथि बहुधा नसतोच. एक रेझिस्टर आणि तीन बटणसेल एवढ्यावर भागविलेलें असतें. तेथें डायोड वांचतो तो त्या लहान सेलांच्या दुबळेपणामुळें. फार प्रवाह देण्याची त्यांना ताकदच नसते. पुढें सेल संपतात, आणि मालक काटकसर म्हणून त्या जागीं विजेच्या भिंतीवरून येणारा अ‍ॅडॅप्टर जोडतो. अ‍ॅडॅप्टरवर छापलेला दाब सेलांइतकाच असतो, तरी पहिल्याच खटक्याला लेसर जातो. दोष दाबाच्या आंकड्याचा नसतो. सेलांचा दुबळेपणा हाच तेथें नकळत लगाम होता, आणि तो निघून गेलेला असतो.

आतां प्रत्यक्ष मंडलाकडे वळावें. घरीं करण्यास सर्वांत सोपा सारथि एलएम ३१७ या तीन पायांच्या नियामकापासून होतो. १९७० नंतरच्या दशकांत निघालेला हा भाग आजही सर्वत्र मिळतो. त्याचा एकच गुण येथें कामाचा आहे: आपला निर्गमाचा पाय आणि जुळवणीचा पाय यांच्यामध्यें १.२५ व्होल्ट हा दाब तो कायम राखतो. या दोन पायांमध्यें एक रेझिस्टर जोडला, आणि जुळवणीच्या पायापासून डायोडकडे तार नेली, कीं त्या रेझिस्टरांतून जेवढा प्रवाह वाहील तेवढाच डायोडला मिळतो. तो प्रवाह म्हणजे १.२५ ला रेझिस्टरच्या ओहमांनीं भागून येणारा आंकडा. ३९ ओहमांचा रेझिस्टर घातला तर ३२ मिलिअँपिअर. बॅटरी ताजी असो वा थोडी उतरलेली असो, डायोड थंड असो वा कोमट असो, हा आंकडा ढळत नाहीं.

प्रवाह कमीजास्त करतां यावा म्हणून या ३९ ओहमांच्या पुढें शंभर ओहमांचा फिरता रेझिस्टर ओळीनें जोडावा. तो पूर्ण मध्यें असतांना प्रवाह ९ मिलिअँपिअर होतो, आणि पूर्ण काढला असतां ३२. कळ कितीही फिरविली तरी ३२ च्या वर जातां येत नाहीं, ही या रचनेंतील खरी सुरक्षितता आहे. ३९ ओहमांचा तो स्थिर तुकडा कंटाळून वगळला, तर कळ शून्यावर येतांच नियामक आपल्या पूर्ण शक्तीनें म्हणजे अँपिअरभर प्रवाह देऊं लागेल. फिरत्या रेझिस्टरचा मधला पाय त्याच्या एका टोकाच्या पायाला जोडून ठेवावा. मग आंतील घासणारा काटा क्षणभर सुटला तरी पूर्ण शंभर ओहम मध्यें राहतात, आणि प्रवाह वाढण्याऐवजी कमी होतो. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हें तत्त्व या लहानशा जोडणींतही पाळतां येतें.

बॅटरी किती व्होल्टांची घ्यावी याचा हिशेब सोपा आहे. नियामकाला स्वतःसाठीं सुमारें २ व्होल्ट लागतात, रेझिस्टरवर १.२५ खर्च होतात आणि डायोडवर २.२, एकूण साडेपांच. चार सेलांचे सहा व्होल्ट फार काळ पुरणार नाहींत. सहा सेलांचे नऊ व्होल्ट घ्यावे. नियामकांत तेव्हां पाव वॅटाहूनही कमी उष्णता होते, ती त्याच्या अंगाला सहज सोसते. डायोडला मात्र पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांत घट्ट बसवावें, म्हणजे त्याची उष्णता निघून जाते. डायोडला लागून एक लहान डायोड उलट दिशेनें जोडला तर चुकून उलटी लागलेली बॅटरी निरुपद्रवी होते. कारण लेसर डायोडला उलटा दाब दोन व्होल्टांच्या आसपासही सोसत नाहीं. शेजारीं दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवला म्हणजे खटका दाबतांना उठणारी प्रवाहाची लाट तो गिळतो.

परंतु हाच कपॅसिटर निष्काळजी माणसाच्या हातीं शत्रू होतो. मंडल चालू असतांना डायोडची तार सुटली, तर नियामक प्रवाह देण्याच्या खटपटींत आपला दाब चढवीत जातो आणि कपॅसिटर जवळजवळ बॅटरीच्या दाबापर्यंत भरून बसतो. सुटलेली तार पुन्हां टेकविली कीं तो सांठा एकदम डायोडमधून रिकामा होतो. नियामकानें पाळलेला ३२ चा नियम तेथें उपयोगी पडत नाहीं, कारण हा प्रवाह नियामकांतून आलेलाच नसतो. घरगुती टेबलावरील पुष्कळ डायोड या एका कारणानें मरतात. यासाठीं डायोड खोबणींत खोंचून न ठेवतां डाख देऊन पक्का करावा. त्यापूर्वीं बॅटरी काढावी, कपॅसिटरचीं दोन्ही टोकें रेझिस्टरनें जोडून तो रिकामा करावा, आणि डाख देईपर्यंत डायोडचे पाय बारीक तारेनें एकमेकांस बांधून ठेवावे. हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत लोकरी कपड्यांतून अंगावर सांठणारी वीजही त्याला पुरते. म्हणून हातानें आधीं जमिनीला जोडलेल्या धातूस स्पर्श करावा. डायोडचा कोणता पाय कशाचा आहे हें अंदाजानें ठरवूं नये. निरनिराळ्या डायोडांत ही मांडणी निरनिराळी असते, आणि ती उत्पादकाच्या पत्रकावरूनच पाहावी लागते.

मंडल पुरें झालें म्हणजे लागलीच लेसर जोडण्याचा मोह आवरावा. प्रथम त्याच्या जागीं तीन साधे सिलिकॉन डायोड ओळीनें आणि त्यांच्यापुढें एक ओहमचा रेझिस्टर जोडावा. तीन डायोडांवर मिळून दोन व्होल्टांच्या वर थोडासा दाब पडतो. म्हणजे मंडलाच्या दृष्टीनें तो लेसरचाच तोतया झाला. एक ओहमवर मीटर लावला कीं जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर वाहत आहेत असें समजावें. कळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ९ आणि ३२ हे आंकडे येतात कीं नाहीं तें पाहावें. खटका दहा वेळां चालू-बंद करावा, तारा हलवून पाहाव्या. तोतयानें ही परीक्षा निमूटपणें सोसली म्हणजे मगच खऱ्या लेसरची पाळी.

लेसर जोडल्यावर कळ सर्वांत कमी प्रवाहावर ठेवून आरंभ करावा, किरण कागदावर पाडावा आणि एकेक मिलिअँपिअर चढवावा. उंबरठा ओलांडतांच कागदावरचा उजेड दाणेदार होतो, तो आंकडा टिपून ठेवावा. हाच आंकडा त्या डायोडची प्रकृति सांगतो. कांहीं महिन्यांनीं तो वाढलेला दिसला तर डायोड म्हातारा होत आहे असें समजावें.

हवामानाचाही येथें हात आहे. डायोड जसा तापतो तसा त्याचा उंबरठा वर सरकतो आणि त्याच प्रवाहावर प्रकाश कमी मिळतो. मे महिन्यांतल्या दुपारीं प्रकाश मंद वाटला म्हणून कोणी स्थिर रेझिस्टर बदलून प्रवाह वाढविला, तर तीच जुळवणी डिसेंबरच्या पहाटे जीवघेणी ठरते. थंड डायोड त्या प्रवाहावर मर्यादेपलीकडचा प्रकाश देतो. म्हणून जुळवणी नेहमीं थंड हवेंत करावी आणि दुपारचा थोडा मंदपणा सोसावा. पुष्कळ डायोडांच्या डबींत प्रकाश मोजणारा एक दुसरा छोटा डायोड बसविलेला असतो. त्याच्या साक्षीनें प्रवाह आपोआप कमीजास्त करून प्रकाश स्थिर ठेवणारे सारथीही असतात. ते अधिक हुशार खरे, पण त्या साक्षीदाराची तार तुटली तर त्यांना प्रकाशच नाहीं असें वाटतें आणि ते प्रवाह वाढवीत सुटतात. आरंभ करणाऱ्यानें साध्या सारथ्यावरच समाधान मानावें.

डायोड गेला तर दुसरा आणतां येतो. डोळा गेला तर येत नाहीं. लेसरचा किरण डोळ्यांत शिरला म्हणजे नेत्रभिंग तो आंतल्या पडद्यावर एका बिंदूंत गोळा करतें, आणि बाहुलीपाशीं असलेली त्याची तीव्रता तेथें सुमारें लाखपट होते. एक मिलिवॅटपर्यंतच्या दृश्य किरणापासून पापणीची झांप, जी पाव सेकंदांत पडते, ती रक्षण करते. पांच मिलिवॅटला तो भरंवसा राहत नाहीं. आणि डीव्हीडी लिहिणाऱ्या यंत्रांतून काढलेले डायोड शंभराहून अधिक मिलिवॅट देऊं शकतात. तेथें पापणी मिटण्यापूर्वींच इजा होऊन गेलेली असते, मग तो किरण थेट आलेला असो वा घड्याळाच्या कांचेवरून परतलेला असो. आंतल्या पडद्याला वेदना कळत नाहीं, त्यामुळें झालेली हानि पुष्कळदां नंतर वाचतांना उमगते. कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्रांतील ७८० नॅनोमीटरचा किरण तर विशेष फसवा. तो डोळ्यांस अगदीं फिकट तांबडा दिसतो, आणि पाहणाऱ्यास तो दुर्बळ वाटतो. साधा काळा चष्मा यांपैकीं कशासही उपयोगी नाहीं; त्या त्या रंगासाठीं केलेलाच चष्मा लागतो. म्हणून घरच्या प्रयोगास पांच मिलिवॅटच्या आंतलाच तांबडा डायोड घ्यावा, किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळींत येऊं देऊं नये, त्याचा शेवट काळ्या खरबरीत पुठ्ठ्यावर करावा, अंगठी-घड्याळ काढून ठेवावें आणि मुलें खोलींत असतांना यंत्र एकटें सोडूं नये.

इतकी काळजी घेऊन हातीं येतें काय, असा प्रश्न एखादी गृहिणी विचारील, आणि तो रास्तच आहे. त्याचें उत्तर तिच्याच डोक्यावरील एका केसानें देतां येतें. तो केस किरणाच्या वाटेंत ताणून धरावा. दोन मीटरवरील भिंतीवर उजेडाचे आणि काळोखाचे पट्टे उमटतात. केस सत्तर मायक्रॉन जाड असेल तर काळोखाचे पट्टे एकमेकांपासून साडेअठरा मिलिमीटरवर पडतात. केस बारीक असेल तर अधिक दूर. ज्याची जाडी साध्या फूटपट्टीनें कधींही मोजतां यावयाची नाहीं, ती वस्तु त्याच फूटपट्टीनें भिंतीवर मोजली जाते. मात्र यासाठीं प्रकाश स्थिर हवा, आणि तो स्थिर ठेवण्याचें काम पडद्यामागील सारथ्याचें असतें.

दुसरा प्रयोग रेडिओच्या श्रोत्यांस अधिक जवळचा वाटेल. १८८० सालीं वॉशिंग्टन शहरीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी टेंटर यांनीं सूर्यप्रकाशाच्या किरणावरून माणसाचा शब्द सुमारें दोनशें मीटर दूर पोंचविला होता. बोलण्यानें एक पातळ आरसा थरथरे आणि किरणाची तीव्रता त्याप्रमाणें कमीजास्त होई. घरच्या सारथ्याचा प्रवाह २६ मिलिअँपिअरवर ठेवून ध्वनीच्या लहरीनें त्यांत चार-पांच मिलिअँपिअरची चढउतार केली, तर तेंच आज घडतें. किरण खाली उंबरठ्यालाही लागत नाहीं आणि वर मर्यादेलाही शिवत नाहीं. डायोडजवळचा कपॅसिटर उंच स्वर गिळतो, म्हणून त्याचें माप तेवढें लहान करावें लागतें. पलीकडे एक सौरघट आणि एक ध्वनिवर्धक ठेवला कीं खोलीच्या या टोकाचें गाणें त्या टोकाला ऐकूं येतें, आणि मध्यें हात धरला कीं थांबतें.

मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालून येऊन पोंचणाऱ्या कांचतंतूंच्या तारा याहून निराळें कांहीं करीत नाहींत. त्यांतील प्रत्येक संदेशाच्या उगमापाशीं एक लेसर डायोड असतो, आणि त्या डायोडच्या मागें त्याचा सारथि. त्यांचा वेग आणि त्यांची कारागिरी घरच्या टेबलावर येणारी नव्हे. तथापि तेथेंही नियम एकच आहे: उंबरठ्याच्या वर, मर्यादेच्या खालीं, आणि लगाम क्षणभरही न सोडतां. नऊ व्होल्टांची बॅटरी, तीन पायांचा एक नियामक आणि ३९ ओहमांचा एक रेझिस्टर एवढ्यावर ज्याला हा नियम पाळतां आला, त्याला त्या मोठ्या यंत्रांचा गाभा समजला असें म्हणण्यास हरकत नाहीं.